रसगुल्ल्याच्या पेढीच्या तीन पिढ्या



कोलकात्याच्या के. सी. दास या मिठाईच्या पेढीचा इतिहास प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. कापडाची गाठ एक हंगाम हुकला तरी दुसऱ्या हंगामाची वाट पाहते. छेन्याचा गोळा वाट पाहत नाही. अशा नाशवंत मालावर या घराण्याने नाव मिळविले.

मूळपुरुष नवीनचंद्र दास (1845-1925). घराणे साखरेच्या व्यापारातले. परंतु नवीनचंद्रांच्या जन्मापूर्वीच वडील निवर्तले. 1864 मध्ये जोडासांको भागात त्यांनी काढलेले मिठाईचे दुकान चालले नाही. दोन वर्षांनी त्यांनी बागबाजारात नव्याने दुकान मांडले. त्या काळी बंगालमध्ये संदेशाचा मोठा मान होता. पण तो कोरडा. नवीनचंद्रांना रसाळ मिठाई हवी होती. फाडलेल्या दुधाच्या छेन्याचे गोळे पाकात उकळताना विरघळून जात. पुष्कळ खटपटीनंतर 1868 मध्ये गोळा अखंड राहून आतून जाळीदार होऊ लागला. (ओडिशावासी ही परंपरा जगन्नाथपुरीची व याहून जुनी मानतात. बंगालच्या रसगुल्ल्याला 2017 मध्ये आणि ओडिशाच्या रसगुल्ल्याला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोघांचाही मान राखला गेला.)

भगवानदास बागला हे धनाढ्य व्यापारी बग्गीतून जात असता त्यांच्या मुलाला तहान लागली. नवीनचंद्रांनी पाण्याबरोबर रसगुल्ला दिला. मुलाचा आनंद पाहून वडिलांनीही चाखला आणि भरपूर खरेदी केला, अशी कथा सांगतात. आपल्याकडील गूळपाण्याचीच ही रीत. त्यात गिऱ्हाईक जोडण्याचा हेतू नसावा. गिऱ्हाईक मात्र जोडले गेले.

पुत्र कृष्णचंद्र यांनी वेगळीच अडचण ओळखली. मातीच्या हंडीतला रसगुल्ला दूर पाठविता येत नसे. 1930 मध्ये त्यांनी धाकटे पुत्र शारदाचरण यांच्यासह स्वतंत्र दुकान काढले आणि रसगुल्ला हवाबंद डब्यात भरला. त्यांच्याच नावाची आद्याक्षरे पुढे पेढीची ओळख ठरली. 1934 मध्ये ते निवर्तले. पुढच्याच वर्षी शारदाचरणांनी एस्प्लनेड येथे दुकान थाटले.

खरी कसोटी 1965 मध्ये लागली. प्रफुल्लचंद्र सेन मुख्यमंत्री असताना पश्चिम बंगाल सरकारने दुधाच्या टंचाईमुळे छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. बालकांना दूध मिळावे, या हेतूला कोण नावे ठेवील? परंतु ज्यांच्या हाताला छेना वळण्याखेरीज दुसरा उद्योग ठाऊक नव्हता, त्या कारागिरांच्या घरच्या चुलीचा विचार आदेश काढणाऱ्यांनी कितपत केला असेल? तोटा सोसून मालक दुसरा माल मांडू शकतो. कारागिराला ती सवड नसते. पुढे बंदी उठली. 1972 मध्ये पेढीने बंगळुरात दुकान उघडले. एका आदेशाने जिचा मुख्य माल बेकायदा ठरला होता, त्या पेढीची पाटी आता दुसऱ्या राज्यातही लागली.