पोथी वाचता येते का?

(संस्कृत अध्यापकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



 अध्यक्षाने संस्कृतची थोरवी सांगावी असा आपल्याकडे प्रघात आहे. तो आज बाजूला ठेवते, कारण इथे जमलेल्यांपैकी कोणालाच ती पटवून देण्याची गरज नाही. मला बोलायचे आहे ते प्रवेशाच्या दिवसांत विभागाच्या दारात उभे राहून पालक विचारतात त्या प्रश्नाबद्दल. एम.ए. संस्कृत करून पुढे काय? हा प्रश्न आपल्याला लागतो. विद्येचा हिशेब पगारात मांडला म्हणून आपण मनातून दुखावतो. पण मुलीच्या शिक्षणासाठी पै-पै साठवणाऱ्या आईने तो विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा? तिला खरे उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते देता येण्यासारखे आहे.

खरे बोलायचे म्हणजे कटू भाग आधी. महाविद्यालयांत कायमच्या जागा थोड्या आहेत. नेट, सेट, पीएच.डी. असे सगळे पदरी असलेली माणसे तासिका तत्त्वावर वर्षे काढत आहेत. दहावीला संपूर्ण किंवा संयुक्त संस्कृत घेणारी मुले पुष्कळ. मात्र त्यांतली बरीचशी गुणांसाठी येतात आणि अकरावीच्या उंबरठ्यावर विषयाला सोडून जातात. रिक्त पदे भरण्याची मागणी हे अधिवेशन करीलच आणि ती जोराने केली पाहिजे. पण ‘एम.ए. म्हणजे प्राध्यापकी’ हे एकच समीकरण मुलांसमोर ठेवणे हा आपण त्यांच्यावर केलेला अन्याय आहे. शाळेतली शिक्षकी, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून संस्कृत साहित्य, आकाशवाणीवर १९७४ पासून चालू असलेल्या संस्कृत बातम्या, प्रकाशनसंस्थांतले संपादन, या वाटा तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याला आजवर कोणी भाषांतरित न केलेले संस्कृत पान स्वतःच्या बळावर वाचता येते, त्याच्यासाठी काम आहे. आणि ते काम आज आहे त्याहून वाढत जाणार आहे. ज्याला केवळ नेमलेल्या सर्गांचे भाषांतर पाठ आहे, त्याच्या हाती पदवी असूनही काम नाही. पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर या एका भेदात दडलेले आहे.

आपल्याच परंपरेकडे पाहा. परशुराम कृष्ण गोडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचे क्युरेटर होते. रोज पोथ्या हाताळणाऱ्या या माणसाने जिलेबीपासून शोभेच्या दारूपर्यंत रोजच्या जीवनातल्या वस्तूंचा इतिहास संस्कृत आणि इतर भाषांतल्या उल्लेखांतून उभा केला. वा. वि. मिराशी नागपूरला संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी ताम्रपट आणि शिलालेख वाचायला घेतले आणि कलचुरी, वाकाटक व शिलाहार या तीन घराण्यांच्या कोरीव लेखांचे खंड सिद्ध केले. वाकाटकांविषयी आज शाळेच्या पुस्तकात जे चार परिच्छेद असतात, त्यांचा पाया अशा वाचनाचा आहे. पुण्यात मिळालेल्या ताम्रपटांतून प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या होती आणि वाकाटकांच्या घरी दिली होती, हे नाते उलगडले. दानपत्राच्या त्या संस्कृतातला समास सोडवणारा माणूस नसता, तर ते पत्रे मोडीत गेले असते. पांडुरंग वामन काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. या चौघांत सामाईक काय? समोर कोणतेही पान येवो, ते त्यांना वाचता येत होते.

आणि ही केवळ थोर विद्वानांची गोष्ट नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण घ्या. १९१९ मध्ये काम सुरू झाले, १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. संपादक म्हणून सुखठणकरांचे, बेलवलकरांचे नाव आपण आदराने घेतो. पण शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् अशा लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून, एकेका श्लोकाचा तक्ता आखून, अक्षराअक्षराचा पाठभेद नोंदवणारे जे कितीतरी वाचक पुण्यात, तंजावरला, शांतिनिकेतनला बसले होते, ते पगारी नोकर होते. ते नोकरीच करीत होते! संस्कृतच्या वाचकाला समाजाने पूर्वीही मोबदला दिलेला आहे, एवढेच मला यातून दाखवायचे आहे. डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोश १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून लाखो चिठ्ठ्या तयार झाल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि इतके खंड होऊनही काम अजून वर्णमालेच्या आरंभीच आहे. हे काम पुढे नेणारी माणसे आज तुमच्या वर्गात बसलेली असायला हवीत.

आता पोथ्यांबद्दल थोडे सविस्तर बोलते. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मिशन जाहीर झाले, आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. छायाचित्र काढायला यंत्र पुरते. पण छायाचित्रातली पोथी कसली आहे, हे सांगायला माणूस लागतो. त्या माणसाला पत्रसंख्या, पानावरच्या ओळी, आरंभ, अंत, पुष्पिका हे सगळे टिपता आले पाहिजे. जुन्या नागरीत पृष्ठमात्रा असते. ‘ए’ची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ ओढलेली असते. नवखा वाचक ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजतो आणि सगळे वाक्य बिघडवतो. शेवटी लिपिकाराने शक आकड्यांत न देता शब्दांत दिलेला असतो. नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, चंद्र म्हणजे एक, आणि ते अंक मांडायचे उजवीकडून डावीकडे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायचा. यातले काहीच अवघड नाही. एका सत्रात शिकवून होते. पण आपल्या किती विभागांत विद्यार्थी दोन वर्षांत एकदा तरी मूळ पोथी हातात धरतो? कोकणातल्या जुन्या घरांत, नाशिक-पैठणच्या शास्त्र्यांच्या माळ्यांवर, गोव्याच्या मठमंदिरांत दप्तरे पडून आहेत. वाळवी वाट पाहत नाही.

आयुर्वेदाकडे येते. इथे संस्कृतची गरज सर्वांत रोखठोक आहे. आयुर्वेद महाविद्यालयात पहिल्या वर्षाला संस्कृत शिकवावे लागते आणि तिथे आपले विद्यार्थी जातात, हे झालेच. मला सांगायची आहे ती हळदीची गोष्ट. जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हे ज्ञान नवे नाही, हे लेखी पुराव्याने सिद्ध करावे लागले, आणि त्या पुराव्यांत जुने संस्कृत उल्लेखही होते. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. यातून धडा घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. संहितांतले, निघंटूंतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत पेटंट परीक्षकाला वाचता येतील असे मांडले गेले. या कामात वैद्य लागतो, पेटंटचा जाणकार लागतो, आणि श्लोकाचा अन्वय चुकू न देणाराही लागतो. रास्ना म्हटले की वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी वनस्पती समोर येते. कोणत्या ग्रंथकाराला कोणती अभिप्रेत होती, हे टीका वाचल्याशिवाय ठरत नाही. निघंटू आणि टीका वाचणारा एम.ए. आपण घडवतो का? अभ्यासक्रमात साहित्याच्या चार प्रश्नपत्रिकांच्या जोडीला शास्त्रग्रंथांची एखादी असते, आणि तीही विद्यार्थी टाळतात.

संगणकाबद्दल बोलताना मला एक गैरसमज दूर करायचा आहे, कारण तो विद्यार्थ्यांचे नुकसान करतो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे ‘नासा’ने सांगितले, हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. घडले ते असे. रिक ब्रिग्ज या ‘नासा’च्या केंद्रात काम करणाऱ्या संशोधकाने १९८५ मध्ये एक लेख लिहिला. वैयाकरण आणि नैयायिक वाक्याचा शाब्दबोध ज्या काटेकोरपणे मांडतात, ती मांडणी कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या अर्थजालाशी जुळते, असा त्याचा मुद्दा होता. संस्कृतात संगणकाचे प्रोग्रॅम लिहा, असे त्याने म्हटलेले नाही. खरा मुद्दा ऐकीव दाव्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, कारण त्यात आपले काम दिसते. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांची यंत्रणा ज्याला कळते, त्याची गरज मुंबईच्या आयआयटीला, हैदराबाद विद्यापीठाला, पॅरिसजवळच्या संशोधकांना भासलेली आहे. संधी सोडवणारी, समास फोडणारी, कारकसंबंध दाखवणारी साधने तिथे तयार झाली. २०२२ मध्ये गूगलच्या भाषांतरसेवेत संस्कृत आले. त्या भाषांतरांत आजही ढोबळ चुका सापडतात, आणि चूक कोणती व का, हे सांगणारा वैयाकरणच असतो. विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगते, कौमुदी चालू असतानाच थोडे पायथन शिका. दोन्ही येणारी माणसे फार थोडी आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीच्या प्राचीनतेचे पुरावे मांडताना गाथासप्तशती आणि नाणेघाटातला सातवाहनांचा लेख यांचा आधार आपण घेतो. महाराष्ट्री प्राकृत वाचणारे मात्र कुठे तयार होतात? बहुतांशी संस्कृतच्याच विभागांत. शाकुंतल शिकवताना शकुंतलेची प्राकृत वाक्ये आपण संस्कृत छायेवरून उरकतो. ती छाया झाकून मूळ वाचायला लावले, तर मराठीच्या अभ्यासासाठी या राज्याला लागणारे मनुष्यबळ आपल्याच वर्गांतून निघेल.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक वाक्य. पुण्यात शिकलेले माधव देशपांडे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि अशोक अकलूजकर कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आयुष्यभर शिकवत राहिले, ते व्याकरणाच्या मूळ ग्रंथांवरच्या पकडीच्या जोरावर. तुम्हाला त्या वाटेने जायचे असेल, तर जर्मन किंवा फ्रेंच वाचण्यापुरती तरी शिकून घ्या.

मग अडते कुठे? अध्यापकांनो, अडते ते आपल्या परीक्षेत. आपण ससंदर्भ स्पष्टीकरण विचारतो, टिपा विचारतो, नेमलेल्या उताऱ्याचे भाषांतर विचारतो. विद्यार्थी हुशार असतात. जे विचारले जाते, तेवढेच ते करतात. गाईडमधले भाषांतर पाठ करून मुलगी प्रथम वर्गात येते आणि नोकरीच्या मुलाखतीत कोणी भामतीचे किंवा मल्लिनाथाचे न पाहिलेले पान पुढे केले की गप्प होते. तिची चूक नाही. तिला दोन वर्षांत कोणी न पाहिलेले पान दिलेच नव्हते.

आमच्या वर्गांत अलीकडे निवृत्त बँक अधिकारी, वैद्य, अभियंते, गृहिणी मोठ्या संख्येने येतात. ते येतात आनंदासाठी, आणि विभाग त्यांच्यामुळे टिकून आहेत, याचे मला मनापासून समाधान आहे. त्यांचे स्वागत आपण करीत राहू. पण बावीस वर्षांच्या मुलाचा अभ्यासक्रम त्यांच्या आनंदाच्या मापाने बेतता येणार नाही. त्याला हातात कौशल्य घेऊन बाहेर पडायचे आहे.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. त्याचा मसुदा तुमच्या पिशवीत आहे. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात निबंधाऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आजवर न छापलेल्या एखाद्या छोट्या कृतीची, मग ते स्तोत्र असो, व्रतकथा असो की वैद्यकातले एखादे प्रकरण, किमान दोन पोथ्या ताडून संपादित प्रत सादर करावी. प्रत्येक सत्रात निदान एक प्रश्न न पाहिलेल्या उताऱ्यावर असावा आणि त्याचे गुण भरीव असावेत. नागरीखेरीज एक लिपी आणि प्राकृताचे एक पत्र सर्वांना सक्तीचे असावे. आपल्या जिल्ह्यातला एक खासगी किंवा मंदिराचा संग्रह प्रत्येक विभागाने मालकाच्या लेखी संमतीने नोंदणीसाठी हाती घ्यावा, आणि ती नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने मानधन द्यावे. मानधनाच्या कलमावर चर्चा होईल, हे मला ठाऊक आहे. कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांनी हे सेवा म्हणून करावे. मी त्याला विरोध करीन. वाचण्याच्या कामाला मोल आहे हे विद्यार्थ्याला पहिल्यांदा आपल्याकडूनच कळले पाहिजे, आणि घरी गेल्यावर आईला सांगण्यासारखे काहीतरी त्याच्या हाती असले पाहिजे.

मसुद्यातल्या शब्दांत बदल सुचवायचे असतील, तर ते आज रात्रीच्या भोजनापूर्वी कार्यवाहांकडे लेखी द्यावेत. लिपीच्या कलमाबद्दल विदर्भ आणि मराठवाड्यातल्या विभागांची अडचण मी ऐकली आहे. शिकवणारा माणूस नसेल तिथे सुटीत एकत्रित वर्ग घेण्याची सोय त्यात जोडायला माझी तयारी आहे.