शाही पाहुणचार, पण कोणत्या राजाचा?

'इन्सेंटिव्ह टूर' हा शब्द आता आपल्या नागपुरातही चांगलाच रुळला आहे. सिमेंट, औषधे, ट्रॅक्टर, विमा विकणाऱ्या कंपन्या वर्षभराचे टार्गेट गाठणाऱ्या डीलरांना आणि एजंटांना बक्षीस म्हणून सहलीला नेतात. रोख रक्कम घरखर्चात विरून जाते, सहल मात्र पुढची चार वर्षे सांगता येते, हा त्यामागचा हिशेब. वर्षभर दुकानोदुकानी हिंडलेल्या माणसाला घटकाभर राजा झाल्यासारखे वाटावे म्हणून या सहलीत एक संध्याकाळ हमखास 'शाही' असते. फेटे, तुतारी, सिंहासन, चकचकीत ताटे, सगळे काही.

हा थाट मूळचा राजस्थानचा. संस्थाने विलीन झाली आणि एवढाले राजवाडे पोसायचे कसे, हा प्रश्न आला. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ सालीच हॉटेल झाला, उदयपूरचा तळ्यातला महाल १९६३ साली. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर ही वाट आणखी रुंदावली. १९८२ मध्ये 'पॅलेस ऑन व्हील्स' ही गाडी निघाली आणि तिच्याच वळणावर पुढे आपली 'डेक्कन ओडिसी' आली. राजस्थानात निदान वाडा तरी खरा असतो.

नागपूरला हे गट येतात ते मुख्यतः पेंच किंवा ताडोब्याच्या वाघासाठी. एक मुक्काम शहरात पडतो आणि त्या रात्री दरबार भरतो. जुन्या नागपूरची माहिती पाहुण्यांना सांगणे हे माझे काम असल्याने मध्यंतरी अशाच एका दरबारात मला बोलावणे आले. सभागृहाला नाव दिले होते राघोजी महाराजांचे. दाराशी थर्मोकोलचे दोन हत्ती. मंचावर घूमर, पानात दालबाटी आणि गट्ट्याची भाजी. दोन्ही बाजूंना भाले घेतलेले चोपदार, म्हणजे कॉलेजात शिकणारी आपलीच मुले. तीन तास बसायचे नाही, हसायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती. मला पाच मिनिटे मिळाली होती आणि वर सूचनाही, 'सर, वीरश्रीचे काही सांगा. रडके नको.'

मी पहिल्या रघुजींविषयी बोललो. 'सेनासाहेबसुभा' हा किताब मिरवणारा हा सरदार बंगालवर स्वारी करून गेला आणि १७५१ च्या तहात अलिवर्दीखानाला ओडिशा सोडावा लागला, शिवाय वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल करावी लागली. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. हे शहर ज्या बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये वसवले, त्याच्या गोंड घराण्यातल्या राजाला रघुजींनी हाकलून दिले नाही. किताब आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवले. टाळ्या पडल्या.

जेवताना दक्षिणेकडचे एक वयस्कर डीलर शेजारी येऊन बसले. त्यांनी विचारले, 'साहेब, मग त्या राजांचे पुढे काय झाले?'

वीरश्रीची मुदत संपली होती, म्हणून सरळ सांगितले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई भोसले हरले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८५४ मध्ये भोसल्यांचे हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले. जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातले सामान हलवायला माणसे आली, तेव्हा वृद्ध बांकाबाईंनी वाड्यालाच आग लावण्याची धमकी दिली. पण पुढे १८५७ मध्ये याच बांकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत १८८१ पासूनची आहे आणि ती बांकाबाईंचेच प्रतीक, असे जुने नागपूरकर सांगतात. एकाच बाईच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या.

टेबलावरची बोलणी थांबली होती. पाच-सहा जण खुर्च्या ओढून जवळ आले. कुणी विचारले, ते हत्ती कुणी घेतले? कुणी विचारले, तो वाडा आहे कुठे? मंचावर तेव्हा घूमरची दुसरी फेरी चालू होती, तिकडे त्यांची पाठ होती. पाहुण्यांना रडके नको असते, हा आयोजकांचा समज आहे. लिलाव, थकबाकी, जप्ती या गोष्टी व्यापार करणाऱ्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

घूमरशी माझे भांडण नाही. पण राजस्थानातून पथक आणायला पैसे असतात आणि भंडारा-गोंदियाच्या खडी गमतीच्या मंडळींना मात्र 'अर्धा तास आहे, जेवण देऊ' असा निरोप जातो, याचे मला वाईट वाटते. एका कार्यक्रमाचा खर्च मी पाहिला आहे. त्यात फुलांच्या कमानीचा आकडा कलावंतांच्या एकूण मानधनाहून मोठा होता. मुनीमजींच्या भाषेत सांगायचे तर, बक्षीस कुणाला आणि भुर्दंड कुणाला?

आणि आपल्याकडे दाखवायला काय कमी आहे? सकाळी गांधी गेटपासून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यापासून, महालात पायी हिंडवा. जुनी शुक्रवारीतल्या भोसल्यांच्या छत्र्या दाखवा. दुपारी पाटावर पंगत मांडून वडाभात आणि पुडाची वडी वाढा. सोसवत असेल त्याला हलबा कोष्ट्यांच्या घरातून आलेला सावजी रस्सा द्या, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून. विणकरांच्या पाठीवर हे शहर किती वर्षे उभे होते, ते जेवता जेवता आपोआप निघते. चोपदार हवेच असतील तर ठेवा, पण त्या मुलांना स्टूल द्या आणि महालाची गोष्ट पाठ करायला लावा. भाला धरण्यापेक्षा त्यांना ते जास्त आवडेल, मी विचारून पाहिले आहे.

पाहुण्यांना ताजी गोष्टही सांगता येईल. पहिल्या रघुजींच्या नावाची, सोन्याने देवनागरी अक्षरे कोरलेली तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सीताबर्डीच्या लिलावानंतर १७१ वर्षांनी, या वेळी बोली लावणारे आपण होतो.

यंदा एक गट नेमका मारबतीच्या दिवशी येतो आहे. शाही फेटे बांधून मिरवणुकीत चालले तर चालेल का, असे त्यांच्या व्यवस्थापकांनी फोनवर विचारले. मी म्हटले, खुशाल बांधा, पण महालातल्या त्या गर्दीत पायात चपला नकोत, बूट घाला.