मागे चालणाऱ्याचे काम
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेतील भाषण)



मंदिर उभे राहिले. पुढे होऊन ज्यांनी भार उचलला त्यांचे सत्कार झाले, ते योग्यच झाले. मला मात्र मागे चालणाऱ्यांविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी, चार शब्द बोलायचे आहेत. दहा जणांच्या मंडळात अध्यक्ष एकच. उरलेले नऊ आपण.

१६५७ नंतर शिवरायांनी आपल्या या कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराची जहाजे बांधायला घेतली. मनसुबा राजांचा, पण फळी कुजकी निघाली तर ते सांगायचे कोणी? सुतारानेच. तो भिडेने गप्प बसला तर जहाज समुद्रात फुटणार.

रामशास्त्री प्रभुणे आपल्याला निःस्पृह न्यायाधीश म्हणून ठाऊक आहेत. मला ते अनुयायी म्हणून मोठे वाटतात. शास्त्रीबुवा पेशव्यांचे चाकरच. थोरले माधवराव १७६१ साली पेशवे झाले तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. पुढे त्यांचा बराच वेळ जपात जाऊ लागला आणि राज्याचे काम खोळंबले. तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जायची रजा मागितली, अशी गोष्ट सांगतात. जपच करायचा तर दोघेही गंगेकाठी जाऊ, राज्य करायचे तर आधी रयतेकडे पाहिले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. देवळाच्या मंडपात ही गोष्ट सांगताना मी जरा चाचरतो आहे, पण माधवरावांनी ती मानली. बोलणारा आपल्या हिताचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. एरवी मन लावून काम करणाऱ्याचाच शब्द असा ऐकला जातो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तलवार चालवणारा सुमेरसिंग गारदी हाही चाकरच होता. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला यावर लोक अजून वाद घालतात. गारद्याने मात्र काही विचारले नाही. त्याच दरबारातल्या शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादांना, ज्यांच्या हाती त्या वेळी सारी सत्ता होती त्यांना, देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पुढे पुण्यात राहून कुरबुर केली नाही. पद सोडले आणि निघून गेले. बारभाईंच्या कारभारात ते पुन्हा न्यायाधीश झाले.

आता माझी स्वतःची गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहानशा संस्थेच्या कमिटीवर होतो. हिशेबात एक बिल मला खटकले. अध्यक्ष वयाने वडील, त्यातून नात्यातले. मी बोललो नाही. ठरावावर सही केली आणि संध्याकाळी पारावर येऊन दोघा-तिघांच्या कानात सांगितले. आठ दिवसांत बोभाटा झाला की खजिनदाराने पैसे खाल्ले. वह्या तपासल्या तेव्हा निघाले काय, तर एकच बिल चुकून दोनदा लिहिले गेले होते. पैसे जागच्या जागी होते. सभेत विचारले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

त्या खजिनदाराने राजीनामा दिला. पुन्हा कोणत्याही सार्वजनिक कामात तो पडला नाही. मी त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्याने चहा दिला, पण बोलला काही नाही. तो आज हयात नाही. गप्प बसलो ते वडिलांचा मान राखायला, असे मी बरीच वर्षे म्हणत असे. खरे म्हणजे वाईटपणा नको होता, एवढेच.

भांडखोरपणा करा असे माझे म्हणणे नाही. रंग कोणता द्यायचा यावर माझे म्हणणे पडले, तर बहुमताचा रंग मीही हाताने लावीन. पण खोट्या पावतीवर सही मागितली, तर ती करायची नाही, आणि का करत नाही ते तिथेच, सर्वांसमोर सांगायचे. या दोन्हींतला फरक कळायला मला तो खजिनदार गमवावा लागला.

जीर्णोद्धाराच्या हिशेबाची वही महाप्रसादानंतर सर्वांसमोर उघडणार आहेत असे कळते. सिमेंटच्या पानावर मला दोन बाबी विचारायच्या आहेत. खजिनदारसाहेब, राग मानू नका. आधीच सांगून ठेवतो. विचारून झाले की पत्रावळी उचलायला मी आहेच.