वेळेवरची मदत

महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च म्हटला की शुल्क, पुस्तके, वसतिगृह व खानावळ यांचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब अगोदर ठाऊक असतो. त्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. संकट मात्र पूर्वसूचना देऊन येत नाही. वडिलांचे आजारपण वा हातचे गेलेले पीक आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत एकाच आठवड्यात आली, की दोन-चार हजार रुपयांसाठी तीन वर्षांचे शिक्षण अडते. मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अनेकदा काही महिन्यांनी हाती पडते. तोवर विद्यार्थी गावी परतलेला असतो, आणि परतलेला विद्यार्थी पुन्हा वर्गात येणे फार कठीण.

या संदर्भात साताऱ्याचे उदाहरण चिरस्मरणीय आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबातील कर्मवीर भाऊराव पाटील हे स्वतः कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. सन १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथे मुलांच्या जेवणाची अडचण पडे, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचे दागिने काढून देत. अखेर मंगळसूत्रही गेले. सन १९३० मध्ये त्या निवर्तल्या. भाऊरावांचे ब्रीद स्वावलंबी शिक्षणाचे होते. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच शिकवण. परंतु उद्या कष्ट करून शिकणाऱ्या मुलाला आजचे जेवण आजच मिळावे लागते, हे त्या माउलीने जाणले होते. तातडीची मदत ही स्वावलंबनाच्या आड येत नाही. ती स्वावलंबनाला अवधी मिळवून देते.

अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने सन २०११ पासून हेच तत्त्व निराळ्या रीतीने अंगीकारले. थोडे शुल्क थकल्यामुळे ज्यांचे नाव वर्गातून कमी होणार, अशा विद्यार्थ्यांचा शोध विद्यापीठच घेते व ती तूट भरून काढते. विद्यार्थ्याला अर्ज करावा लागत नाही. मागण्याचा संकोच वाटणारा विद्यार्थी त्यामुळे वंचित राहत नाही.

गरजेचे स्वरूपही बदलत असते. सन २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि मोबाईल नसलेल्या विद्यार्थ्याचा वर्गच हरवला. केवळ शुल्कासाठी राखून ठेवलेला निधी अशा वेळी असून नसल्यासारखा ठरतो.

म्हणून कोणत्याही संस्थेच्या आपत्कालीन निधीला चार पथ्ये हवीत. निर्णय दोन दिवसांत व्हावा. कागदपत्रांपेक्षा विद्यार्थ्याला रोज पाहणाऱ्या प्राध्यापकाच्या शब्दाला अधिक मान असावा. खर्चाचे कारण ठरावीक रकान्यांत बसलेच पाहिजे, असा आग्रह नसावा. आणि घेणाऱ्याचे नाव व्यासपीठावर पुकारले जाऊ नये, अहवालात वा स्मरणिकेत छापले जाऊ नये. हिशेबात रक्कम व संख्या यावी.

मोठ्या देणगीतून इमारत उभी राहते व तिच्यावर दात्याच्या नावाची शिला बसते. वेळेवर दिलेल्या दोन हजारांची शिला कोठेही बसत नाही. परीक्षेच्या दिवशी एक बाक रिकामे राहत नाही, एवढीच तिची खूण. दात्यांनी एवढ्यावर समाधान मानले, तर पैशावाचून एकाही विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेवरून परतावे लागणार नाही.