खऱ्या पेढीचा पत्ता



क्रिप्टो चलन चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही. माझे मत विचाराल तर कामगाराने आपल्या ग्रॅच्युइटीचा पैसा त्यात घालू नये, आणि हे मी सभांतून उघडपणे सांगत आलो आहे. परंतु ज्यांनी तो घातला आहे त्यांचे काय? दारू पिणाऱ्या कामगाराचाही पगार मुकादमाने मध्येच कापला तर आम्ही ते चालवून घेत नाही. पैसा कुठे घालावा हा एक प्रश्न. तो चोराने न्यावा की नाही हा दुसरा. आज या दुसऱ्याविषयीच बोलावयाचे आहे. ही चलने ज्या पेढ्यांवर घेतली, विकली व ठेवली जातात, त्यांना एक्स्चेंज म्हणतात. त्यांचे खरे संकेतस्थळ कोणते आणि नकली कोणते, हे तुमच्याआमच्यासारख्याने कसे ओळखावे?

कोणी फसला की शहाणी माणसे लगेच म्हणतात, ‘हाव नडली.’ हे वाक्य मला फार खटकते. अमेरिकेत कॉइनबेस नावाची मोठी पेढी आहे. तिच्या व्यापारी ग्राहकांसाठी त्या वेळी प्रो.कॉइनबेस.कॉम हे स्वतंत्र संकेतस्थळ होते. २०२१ च्या सुमारास काही ठकांनी कॉइनबेसप्रो.कॉम या पत्त्यावर तिची हुबेहूब नक्कल उभी केली. शब्द तेच, फक्त क्रम उलटा आणि मधले टिंब नाही. या एवढ्याशा अंतरातून शेकडो लोकांचे ३ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक गेले. या प्रकरणात जो तरुण अमेरिकेत पकडला गेला तो आपल्याच देशाचा नागरिक होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आता सांगा, यात हाव कोणाची? जे लुटले गेले ते दामदुप्पट करायला निघाले नव्हते. ते स्वतःच्याच पैशाकडे, स्वतःच्याच दाराने चालले होते.

त्यांतल्या एकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने नकली पानावर आपले नाव व पासवर्ड घातला. पानाने सांगितले, ‘तुमचे खाते बंद झाले आहे, आमच्या प्रतिनिधीला फोन करा.’ त्याने केला. पलीकडच्या गोड आवाजाने त्याच्याकडून फोनवर येणारा गुप्त अंकही काढून घेतला, आणि २ लाख ४० हजार डॉलर गेले. ओटीपी असला की आपण निर्धास्त, अशी एक समजूत आहे. तो अंक खऱ्या दारावर वापरला जाण्याआधीच ठकाच्या हाती पडला, तर ते कुलूप तुम्हीच उघडून दिलेत.

म्हणून पत्ता वाचावयास शिकले पाहिजे. आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? माणसाचे नाव, मग आळी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. मोठी जागा शेवटी. संकेतस्थळाचा पत्ताही तसाच आहे, म्हणून तो शेवटाकडून वाचावा. पहिली तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि मागे या. ‘कॉम’ हा जिल्हा. त्याच्या लगेच डावीकडचा शब्द ते गाव, आणि मालकी ठरते ती या गावाच्या नावावरून. प्रो.कॉइनबेस.कॉम यात गाव कॉइनबेस, आणि ‘प्रो’ हे त्या गावातले एक घर. कॉइनबेसप्रो.कॉम यात गावच निराळे; ते जो पहिल्यांदा नोंदवील त्याचे. कोणी कॉइनबेस.कॉम.अमकेतमके.कॉम असा पत्ता धाडला, तर डोळा पहिल्या दोन शब्दांवरच समाधान मानतो. परंतु गाव आहे अमकेतमके. (आपल्याकडे ‘को.इन’ असा जोडजिल्हाही असतो, तिथे एक घर आणखी डावीकडे सरकावे.)

टिंबाची आणखी एक तऱ्हा आहे. चिता आणि चिंता यांत टिंबाचेच अंतर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१८ मध्ये बायनान्स या पेढीच्या ग्राहकांना जो नकली पत्ता मिळाला, त्यातल्या दोन अक्षरांखाली बारीक टिंबे होती, बस्स. पडद्यावरची धूळ वाटावी इतकी बारीक. ठकांनी त्या वाटेने खाती जमवली, आठवडे गप्प बसले आणि ७ मार्चला दोन मिनिटांत सगळ्या खात्यांतून एकदम व्यवहार केले. पेढीच्या यंत्रणेने पैसे बाहेर जाणे रोखले म्हणून ते साधले नाही. पेढीच्या सांगण्याप्रमाणे चोरांचीच नाणी अडकून पडली. असा योग रोज येत नाही.

डोळा फसतो, यंत्र या बाबतीत फसत नाही. पासवर्ड सांभाळणारी जी व्यवस्था फोनमध्ये असते, ती नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर तिच्यावर चिडू नका. आधी पत्ता पाहा. पासकी नावाची नवी किल्ली तर दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही.

आणि ते कुलपाचे चित्र! त्याचा अर्थ एवढाच, की तुमचे व त्या स्थळाचे बोलणे मधल्या कोणाला ऐकू जात नाही. समोर चोर असेल तर चोराशी खाजगीत बोलता येते. हे प्रमाणपत्र २०१५ पासून फुकटही मिळते. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले. मात्र ब्राउझरने ‘प्रमाणपत्र बरोबर नाही’ असा इशारा दिला, तर तो कधीही ओलांडू नये. एप्रिल २०१८ मध्ये मायइथरवॉलेट या स्थळाचा खरा पत्ता टाकणाऱ्यांनाच ठकांनी मधल्या वाटेवरून आपल्याकडे वळवले होते. इशारा पडद्यावर होता. ज्यांनी तो बाजूला सारला त्यांचे सुमारे दीड लाख डॉलर गेले.

युनियनच्या नावाने वर्गणी मागायला कोणी गेटवर आला, तर आम्ही त्याचा शिक्का पाहत बसत नाही; शिक्का कोणीही करून आणतो. आम्ही ऑफिसात जाऊन विचारतो. इथेही तसेच करावे. टेलिग्रामवर आलेला दुवा, मेलमधले बटण, गुगलवर सर्वांत वर दिसणारी जाहिरात यांवरून आत शिरू नये. युक्रेनमधल्या एका टोळीने अशाच जाहिराती विकत घेऊन सुमारे तीन वर्षांत ५ कोटी डॉलर मिळवल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्ता एकदा नीट खात्री करून जपून ठेवावा व त्याच खुणेने रोज जावे.

याहून वाईट प्रकार म्हणजे ज्याच्यामागे खरी पेढीच नाही असे स्थळ. तिथे पत्ता वाचून उपयोग नाही. पडद्यावर नफा वाढत राहतो, आणि पैसे काढू म्हटले की ‘आधी कर भरा’ असे सांगतात. आपल्या कायद्यात विक्रीवरचा एक टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो; त्यासाठी वेगळे पैसे आधी मागणारा ठकच समजावा. मार्च २०२३ पासून अशा पेढ्यांना अर्थखात्याच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का हे पाहावे. नोंदणी म्हणजे हमी नव्हे. खऱ्या वझीरएक्समधूनही जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, आणि बँकेतल्या ठेवीला असतो तसा विमा इथे नाही.

चेक थांबवता येतो. हे चलन एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की परत बोलावता येत नाही. म्हणून फसल्याचे कळताच पेढीला खाते गोठवायला सांगावे आणि त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नकली पत्ता, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. लाजेने पुसून टाकू नये. आणि आठ दिवसांनी ‘तुमचा पैसा सोडवून देतो, फी आधी द्या’ म्हणणारा गृहस्थ भेटेल. तुमचे नाव त्याला कुठून मिळाले असेल, हे तुम्हीच ओळखा.