माशाचे नाक आणि बोर्डो मिश्रण



वाशीम जिल्ह्यात संत्र्याच्या बागेशेजारी शेततळ्यात रोहू, कटला सोडला असेल, तर त्याच्या नाकाविषयी थोडे ऐका. वास ओळखणारी जनुके लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरात शोधली. १९९३ मध्ये ती माशातही सापडली. मूळ जनुकांच्या नकला होत गेल्या, बदलत गेल्या. माणसात अशी सुमारे ४०० कामाची जनुके, तर रोहूच्या नात्यातल्या झेब्रा माशात सुमारे १५०. आकडा कमी म्हणून हिणवू नका. माशातली जनुकांची घराणी जास्त आहेत. जमिनीवरच्या प्राण्यांनी त्यांतली बरीच गमावली.

हे नाक सदैव पाण्यात उघडे. मोरचुदातील तांबे अगदी थोडे मिसळले तरी ते बधिर होते. मग खाद्य हुडकणे अवघड जाते, जखमी माशाच्या कातडीतून सुटणारा धोक्याचा वासही कळत नाही. म्हणून बोर्डो फवारल्यावर पंप तळ्यात धुऊ नका. धुवणाचे पाणीही तळ्याकडे वाहू देऊ नका.