बांधावरचा फणस

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. हातात टाळ असले की तास-दोन तास बोलता येतं. आज मंडळी म्हणाली, बुवा, कीर्तन नको. बुधवारी हरिपाठ झाल्यावर देवळाच्या ओट्यावर तुम्ही लाकूड कोरत बसता, त्याचं सांगा. म्हणून सांगतो.

कल्याण-शीळ रस्त्याच्या अंगाला आमचं शेत होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा बांधावरचा फणस पडला. आजोबांनी लावलेला. जमिनीचे पैसे आले तसे गेले. खोड तेवढं ट्रॅक्टरनं देवळामागं आणून टाकलं. गावचे सुतारबाबा तेव्हाच सत्तरीच्या पुढं. नांगर गेले, बैलगाड्या गेल्या, त्यांची हत्यारं पेटीत पडून. ते म्हणाले, "बुवा, जाळू नका. कोरू या."

आधी आम्ही दोघंच. मग रेल्वेतून निवृत्त झालेले डोंबिवलीचे एक काका आले, भिवंडीला यंत्रमागावर रात्रपाळी करणारा पोरगा आला, एक रिक्षावाला आला, नव्या इमारतीतली एक लेक आली. पैशाचा व्यवहार नाही, चहा आळीपाळीनं. पहिले तीन महिने बाबांनी नुसती पटाशीला धार लावायला शिकवली. दगडावर पाणी टाकायचं अन् घासायचं. आमचं तोंड चालू झालं की म्हणायचे, "बुवा, तोंड बंद, हात चालू." लाकडाची रेष बघून पटाशी घालायची, उलट घातली की ढलपी उडते आणि अख्खी पाकळी जाते. फणसाचं लाकूड कोरताना हळदीसारखं पिवळं दिसतं, पुढं हळूहळू तपकिरी होतं.

मग आमच्या मनात आलं, पालखीला आपल्याच फणसाची महिरप पाहिजे, अन् ती याच आषाढीला. झाड फाल्गुनात पडलेलं आदल्या वर्षीच्या. बाबा म्हणाले, "जाड फळीला इंचामागं एक वर्ष वाळवण लागतं. थांबा." आम्ही थांबलो नाही. फळी मोठी निघावी म्हणून गाभासुद्धा मधोमध ठेवला. बाबांनी दोनदा सांगितलं, आम्ही दोनदा हसण्यावारी नेलं. लेकीनं मोर कोरला, काकांनी तुळशीची माळ, पोरानं रात्रपाळी करून येऊन कळस. प्रस्थानाला आठ दिवस उरले आणि एका दुपारी टण्णकन आवाज झाला. वरचं लाकूड वाळून आकसलेलं, आतलं अजून ओलं. गाभ्यापासून मोराच्या गळ्यातून आरपार भेग.

कुणी आम्हाला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. इतक्या जणांचे वर्षभराचे बुधवार आमच्या एकट्याच्या हट्टानं चिरले. त्या वर्षी पालखी जुन्याच फुलांच्या कमानीनं गेली आणि आम्ही दिवेघाट चढेपर्यंत मोराकडंच बघत होतो, डोळे मिटले तरी.

पुढं सगळे मिळून कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेलो. आईच्या देवळाला लागूनच लेणं आहे, आपली माणसं दर्शन घेऊन तशीच माघारी येतात. आत जाऊन मान वर करा. दगडाच्या छताला सागाच्या कमानी बसवलेल्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. डोंगर कोरलेला, दगडाला आधाराची गरज नाही, तरी लावल्या. बाबा बराच वेळ वर बघत बसले. मग म्हणाले, "हे लाकूड कुणी ओलं बसवलं नाही, बुवा." आम्ही कान धरले.

आता उरलेल्या खोडाच्या फळ्या पाडल्यात. गाभा बाजूला काढला, टोकं लवकर सुकू नयेत म्हणून मेण चोपडलं, मधे पट्ट्या घालून सावलीत रचल्या. हे चौथं वर्ष. फळ्या तीन इंची. फुटलेली महिरप भजनाच्या खोलीत टांगलीय. काकांनी माळ पुरी केली, लेकीनं मोराला हात लावला नाही.

ज्यांना यायचं त्यांनी यावं, आपली पटाशी आणावी, बारीक तोंडाची. बाबांचे हात आता थरथरतात, कोरणं होत नाही. पण फळीवर बोटाच्या सांध्यानं टकटक करून कान लावतात. परवाच्या बुधवारी लावला आणि म्हणाले, "कार्तिकीनंतर बघू."

रामकृष्ण हरी.